माळवदाचं ओझं

पावसाळा तोंडावर आला की मराठवाड्यात माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी माती चढायची. गळती थांबायची आणि वैशाखातही खालची खोली गार राहायची. पण चढवलेली माती कुणी उतरवत नसे. थरावर थर बसत गेले आणि काही घरांवर ही जाडी दोन फुटांच्याही वर गेली.

२९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसं उशिरा आडवी झाली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. तीव्रता ६.२, केंद्र उथळ, आणि वेळ गाढ झोपेची. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं दगावली. भूकंपाच्या नकाशात तोवर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२मध्ये तो तिसऱ्या विभागात गेला. तसं पाहिलं तर जमिनीने आधी खुणा केल्या होत्या. १९९२च्या ऑगस्टपासूनच छोटे धक्के बसत होते.

सगळं खापर माळवदावर फोडणं सोपं, पण अर्धवट. भिंत पाहायला हवी. बाहेरून दोन-तीन फूट रुंद, भक्कम दिसणारी ही भिंत खरं तर दोन भिंतींची असायची: दर्शनी एक, आतली एक, मधे दगडगोटे आणि चिखल. दोन्हींना आरपार सांधणारा लांब दगड क्वचितच घातलेला. हादऱ्यासरशी दोन्ही पदर फुगले नि सुटले. बऱ्याच घरांत लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या. माणसं गेली ती भिंतींखाली. जिथे छताचा भार भिंतींवरच होता, तिथे माळवदही खाली आलं.

पुढे दगड हाच वैरी ठरला. जागतिक बँकेच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घर मिळालं ते जमिनीच्या मापाने: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या जमीनधारकाला ७५०. जुन्या गावातली उतरंड नव्या आराखड्यात अशी चौरस फुटांत उतरली, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही.

बाकी गावांत जुनीच घरं मजबूत करायची होती. तिथे गावोगावी 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या बायकांनी किचकट काम केलं. आरपार दगड कसा बसवायचा, भिंती आवळून धरणारी बांधपट्टी कुठे घ्यायची, हे लोकांच्या गळी उतरवायचं होतं. पण ज्या भिंतीने शेजारची माणसं खाल्ली, तिच्याच आडोशाला पुन्हा झोपा, हे कोण ऐकणार? अनेकांनी भिंती निम्म्यावर उतरवून वर पत्रे टाकले.

नव्या गावांत रस्ते सरळ, रुंद. गल्लीच्या तोंडाशी बसायची जागा गेली, घरं लांब पडली. कडबा, अवजारं, बैल कुठे ठेवायचे, ते आराखड्यात नव्हतं. मग सिमेंटच्या घराला लागून पत्र्याची पडवी आली, आणि कित्येक घरांत माणसं पडवीतच झोपू लागली. आत पक्की, भूकंपरोधक खोली, तिच्यात धान्याची पोती.