वाळवंटातून घरी काय आणाल?

मैत्रिणींनो, दिवाळीची नाहीतर नाताळची सुट्टी लागली, की आपल्या नाशिकमधली कितीतरी कुटुंबं राजस्थानच्या वाटेला लागतात. जयपूर, जोधपूर, जैसलमेर आणि जमलंच तर समच्या वाळूत उंटावरून एक फेरी. परतताना बॅगा फुगलेल्या असतात. बांधणीची साडी, मोजड्या, आरशांची चादर, कठपुतळ्यांची जोडी, एखादा पितळी उंट! चार दिवस दिवाणखान्यात त्यांचं कौतुक होतं. मग कठपुतळ्यांवर धूळ बसते, आरशांच्या चादरीवर बसायला पाहुणे बिचकतात आणि उंट शोकेसच्या मागच्या रांगेत जातो.

हौसेला मोल नसतं, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या मुलखातून आणण्यासारखी एक गोष्ट आपण हटकून तिथेच विसरून येतो. तिला बॅगेत जागा लागत नाही की कस्टमरला दुकानदार ती दाखवत नाही. ती म्हणजे तिथल्या घरांची अक्कल. उन्हाशी संसार करता करता ती घरं तशी झाली आहेत, आणि त्यांचं देखणेपण त्यातूनच आलं आहे.

नक्षी कशासाठी?

जैसलमेर वसलं ११५६ साली. व्यापारी काफिल्यांच्या पैशातून तिथे पुढे मोठमोठ्या हवेल्या उभ्या राहिल्या. त्यांत नावाजलेली पटव्यांची हवेली. गुमानचंद पटवा यांनी १८०५ च्या सुमारास तिचं काम सुरू केलं. पाच मुलांसाठी पाच हवेल्या, एकीला लागून एक. आपण तिथे जातो, मान वर करून झरोके पाहतो, ‘काय कोरलंय नाही!’ म्हणतो, फोटो काढतो आणि पुढे सरकतो.

पुढच्या वेळी जरा थांबा. गल्ली इतकी अरुंद, की समोरासमोरची घरं एकमेकांवर सावली धरतात. घरं भिंतीला भिंत लावून उभी, म्हणजे दोन बाजूंना ऊन लागतच नाही. दगडी भिंती चांगल्या जाडजूड. दिवसभराचं ऊन असल्या भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, आणि वाळवंटातली रात्र गार असल्यामुळे तीच भिंत रात्री पुन्हा निवते. पुढे आलेला झरोका खालच्या खिडकीची छत्री होतो. जाळीच्या बारीक भोकांतून वारा येतो, पण प्रकाश मात्र चाळणीतून पीठ यावं तसा मऊ होऊन येतो. मध्ये चौक. रात्रीची गार हवा जड असते, ती चौकात उतरून बसते आणि सकाळी उशिरापर्यंत भोवतालच्या खोल्यांना पुरते. एवढंच काय, ती नक्षीसुद्धा फुकट बसून खात नाही. उंचसखल कोरलेली भिंत स्वतःच्याच अंगावर बारीक बारीक सावल्या धरते.

या जाळ्यांमागे बायकांना पडद्यात ठेवलं जाई, हेही खरं. ते आपल्याला आणायचं नाही. सावली तेवढी आणायची!

आमच्या सासूबाई हवेलीतल्या आतल्या खोलीत जरा टेकल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे तर आपल्या वाड्यातल्या माजघरासारखं वाटतंय.” त्यांचं ते बोलणं माझ्या मनात घर करून राहिलं. पुढचं सगळं त्यातूनच सुचलेलं आहे.

उचलायचं ते काय?

ही अक्कल कशी उचलावी, हे दाखवणारा एक मोठा माणूस आपल्याकडेच होऊन गेला. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५). घराणं गोव्याचं, कार्यालय मुंबईत. गुजरात-राजस्थानच्या कोरड्या, तापलेल्या मुलखात त्यांनी बरंच काम केलं. पण झरोके उचलून ते सिमेंटमध्ये ओतण्याचा उद्योग त्यांनी केला नाही.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत त्यांनी ‘ट्यूब हाउस’ नावाचं कमी खर्चाचं घर बांधलं. अरुंद आणि लांबुळकं. छप्पर उतरतं. तापलेली हवा त्या उताराने वर चढायची आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडायची, तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा यायची. पुढे १९६६ ते ६८ मध्ये तिथेच पारेख कुटुंबाचं घर बांधताना त्यांनी उन्हाळ्याचा भाग वेगळा आणि हिवाळ्याचा वेगळा केला. उन्हाळ्याचा भाग तळाशी रुंद, वर निमुळता आणि घराच्या मधोमध लपवलेला. हिवाळ्याचा आभाळाकडे उघडत जाणारा, उन्हाळ्यात संध्याकाळी बसायलाही तोच.

आग्र्याच्या किल्ल्याचा दाखला ते देत असत. उन्हाळ्यात सकाळी तिथल्या चौकावर कापडी छत ताणायचं, म्हणजे रात्रीची गार हवा खालच्या दालनांत कोंडून राहायची. संध्याकाळी छत काढायचं आणि सगळ्यांनी वर, उघड्यावर यायचं. म्हणजे माणसं घरातल्या घरातच ऊन चुकवत फिरायची. अहो, आपल्या आज्या तरी दुसरं काय करत होत्या? सकाळी ओसरी, दुपारी माजघर, रात्री गच्ची!

जयपूरला गेलात तर त्यांचं जवाहर कला केंद्र जरूर पाहा. ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालं. जयपूर शहर १७२७ साली नऊ चौकोनांच्या कल्पनेवर आखलं गेलं, तीच कल्पना त्यांनी या इमारतीसाठी घेतली. मधला चौकोन मात्र मोकळा ठेवला, वर फक्त आभाळ.

अलीकडचं उदाहरण द्यायचं तर जैसलमेरजवळची राजकुमारी रत्नावती कन्याशाळा. न्यूयॉर्कच्या वास्तुरचनाकार डायना केलॉग यांनी ती रचली, २०२१ मध्ये ती सुरू झाली. लंबगोल आकार, मध्ये अंगण, तिथलाच पिवळा दगड, तिथलेच कारागीर आणि वर जाळीची भिंत. एवढ्या वाळवंटात शाळा, पण वातानुकूलन यंत्र नाही. मी स्वतः शाळेत शिकवते. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या वर्गात मुलींचे चेहरे कसे होतात ते मला ठाऊक आहे. त्यामुळे या शाळेचं मोल मला जास्त वाटतं.

आपलं नाशिक वाळवंट नाही, तरी

तुम्ही म्हणाल, आपला वाळवंटाशी काय संबंध? जैसलमेरला वर्षाकाठी पाऊस जेमतेम दोनशे मिलिमीटर, आपल्याकडे त्याच्या तिपटीहून अधिक. खरं आहे. पण मार्च ते मे या तीन महिन्यांत आपली हवाही कोरडी असते आणि रात्री बऱ्यापैकी गार होतात. म्हणूनच तर माठातलं पाणी आपल्याकडे इतकं गार होतं आणि मुंबईच्या नणंदेकडे होत नाही! हवा कोरडी असली की माठातून पाझरलेलं पाणी झपाट्याने वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हवा दमट असली की सगळं अडतं.

आपल्या जुन्या नाशिकने हे ओळखलं होतं. गोदाकाठचा पेशवेकालीन सरकारवाडा पाहा. जाड भिंती, लाकडी खांब, मध्ये चौक. गल्लीबोळांतल्या साध्या वाड्यांतही ओसरी, माजघर आणि चौक ही जोडी असायचीच. ते वाडे एकेक करून पडताहेत. काही मोडकळीला आले आहेत, काहींत हिस्सेदार वाढले आहेत. त्यांनी पडू नये असं म्हणणं आपल्याला सोपं, पण तिथे जिना उतरताना जीव मुठीत धरणाऱ्या बाईला ते पटणार नाही. वाडा जावो, त्यातली अक्कल मात्र नव्या घरात यायला हवी.

आणि नक्कल करायची नाही, हेही जैसलमेरच शिकवतं. तिथल्या किल्ल्यात आजही माणसं राहतात. तो घागरभर पाण्यात दिवस काढणाऱ्यांसाठी बांधलेला होता. नळ आले, न्हाणीघरं वाढली, पाहुण्यांसाठी हॉटेलं निघाली. सांडपाणी पायाखालच्या टेकडीत मुरायला लागलं आणि बुरूज खचू लागले. १९९६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने या किल्ल्याचं नाव धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत घातलं. एका हवेचं घर आणि दुसऱ्या रीतीचं राहणं यांचा मेळ बसला नाही, की असं होतं.

घरात सर्वांत जास्त तापतं कोण?

आता मुख्य गोष्ट सांगते. फ्लॅट घ्यायचा ठरला की घरातले पुरुष रस्ता, पार्किंग आणि चौरस फूट पाहतात. मुलं आपापल्या खोल्या पाहतात. दिवाणखान्याला चांगला वारा हवा, यावर सगळ्यांचं एकमत असतं. स्वयंपाकघर मात्र उरलेल्या कोपऱ्यात जातं आणि तो कोपरा पुष्कळदा पश्चिमेचा असतो. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, ते वरच्या छज्ज्याला जुमानत नाही, थेट ओट्यावर पडतं. समोर गॅस, पाठीला तापलेली भिंत आणि मध्ये तुम्ही. ज्योत हलते म्हणून पंखाही बंद. घरातली सर्वांत तापणारी जागा आणि घरातलं सर्वांत जास्त वेळ उभं राहणारं माणूस यांची अशी गाठ आपण मुकाट्याने घालून घेतो.

दिवाणखान्यातल्या खोट्या छतावर खर्च करण्याआधी या कोपऱ्याचा विचार व्हायला नको का?

करून पाहण्यासारखं

१. बाल्कनी खोलीत घेऊ नका. आमच्या सोसायटीत बारांपैकी नऊ जणांनी काचा लावून ती आत घेतली. बाल्कनी ही आपल्या वाट्याला आलेली ओसरी आहे, ती उन्हाला बाहेर थोपवते. मुंबईतल्या कांचनजंगा या उंच इमारतीत (१९८३) कोरियांनी कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजली खोल बाल्कन्या ठेवल्या, त्या ऊन आणि पाऊस अडवायलाच.

२. पडदा काचेच्या आत नको, बाहेर हवा. ऊन काचेतून आत शिरलं की उष्णता घरातच राहते, मग पडदा कितीही जाड असला तरी उपयोग थोडाच. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूच्या चिकाचा पडदा सोडा. ग्रिलवर मधुमालती किंवा कृष्णकमळाचा वेल चढवलात तर उत्तमच. स्वयंपाकघरात मात्र पडदा गॅसपासून लांब राहील असं पाहा.

३. खिडक्यांचं वेळापत्रक ठेवा. उन्हाळ्यात सकाळी नवाच्या सुमारास खिडक्या बंद, सूर्य कलल्यावर उघड्या. रात्री समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तरच वारा वाहतो.

४. कूलर लावताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. कोंडलेल्या खोलीत हवा दमट होते आणि कूलर नुसता गरगरतो. वाळ्याचा पडदा भिजवण्याचाही हाच नियम. पावसाळा लागला की दोन्ही उचलून ठेवा.

५. गच्ची पांढरी करून घ्या. २० मेच्या आसपास भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, म्हणजे सगळा मारा स्लॅबवर. वरच्या मजल्यावर रात्रीही गरम होतं ते त्यामुळेच. उन्हाळ्याच्या तोंडाशी चुन्याचे दोन हात दिले तर फरक जाणवतो. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि २०१७ पासून गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करण्याचं काम हाती घेतलं. तिथला महिला हाउसिंग ट्रस्ट वस्तीतल्या बायकांना हाताशी धरून असं काम करतो. त्यांना जमतं, तर आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढायला काय हरकत आहे?

६. सामान कमी करा. जड सोफ्यांऐवजी एका खोलीत सतरंजी आणि लोड-तक्के ठेवलेत, तर ऊन जिकडे येईल तिथून बैठक हलवता येते. दुपारची खोली वेगळी, रात्रीची वेगळी.

आणि ज्यांचा वाडा पाडून नवी इमारत व्हायची आहे, त्यांना एक आग्रहाने सांगते. नकाशावर सही होण्याआधी तो स्वतः हातात घ्या. पश्चिम कुठे आहे ते विचारा. तिथे जिना, न्हाणीघर, कपाटांची भिंत जाऊ द्या. स्वयंपाकघर पूर्वेला किंवा उत्तरेला येईल का ते विचारा. मध्ये थोडं आभाळ ठेवता येईल का, हेही विचारा. “वहिनी, तेवढी जागा वाया जाते,” असं उत्तर मिळेल. तेव्हा शांतपणे सांगा, “पुढची तीस वर्षं तिथे मीच उभी राहणार आहे.” भिंत उभी राहिल्यावर ती हलत नाही. कागदावरची रेघ खोडरबरने पुसता येते, तोवरच बोलून घ्या.