लँड रोव्हरचे दरवाजे का खडखडतात?

जुनी लँड रोव्हर खडबडीत रस्त्यावर धावू लागली की इंजिनाच्या घरघरीवरही मात करते ती दरवाजांची खडखड. अनेक मालक हा आवाज गाडीचा स्वभावधर्म मानून सोडून देतात. वास्तविक दरवाजा चौकटीत नीट बसत नसल्याचा तो इशारा असतो. चालत्या गाडीत दरवाजा उघडण्याचा धोका लक्षात घेता तो ऐकलेला बरा.

दोषाचे मूळ बांधणीत आहे. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही गाडी प्रथम अवतरली, तेव्हा युद्धाने पोळलेल्या ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती. म्हणून बॉडीसाठी ॲल्युमिनियमचा मिश्रधातू निवडण्यात आला. दरवाजाला मात्र आत पोलादी सांगाडा आणि त्यावर कडा दुमडून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा अशी रचना लाभली. या दोन धातूंच्या फटीत ओल शिरली की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी पडते आणि रंगाखाली फोड येतात. पुढे सांगाडाही गंजतो व पत्रा सुटा होऊन वाजू लागतो. अशा दरवाजावर कितीही पाने फिरवले तरी व्यर्थ; सांगाडाच दुरुस्त करावा लागतो.

सांगाडा शाबूत असेल तर काम सोपे आहे, पण क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण आधी नवी रबरी पट्टी बसवतात आणि फसतात. जाड रबरामुळे दरवाजा आदळून लावावा लागतो, खटक्यावर ताण येतो आणि दोष तसाच राहतो.

सुरुवात बिजागऱ्यांपासून करावी. दरवाजा अर्धवट उघडून त्याचे मोकळे टोक वर उचलून पाहावे. ते हलले तर खीळ किंवा बुश झिजलेले आहेत. जेथे बिजागरी जोडलेली असते तो पुढचा पत्राच गंजला असेल, तर आधी त्याचा बंदोबस्त करणे भाग आहे.

त्यानंतर खटका. तो ज्या पट्टीत अडकतो, तिचे स्क्रू किंचित सैल केल्यास ती आत-बाहेर सरकवता येते. मूळ जागा आधी पेन्सिलीने आखून घ्यावी आणि एका वेळी मिलिमीटरभरच सरकवावी. रबर बदलायचे ते यानंतर. दरवाजात कागदाची पट्टी धरून तो लावावा व कागद ओढून पाहावा. तो कोठे अलगद निघून येत असेल, तर तेथे रबर दाबले जात नाही.

तरीही आवाज उरला तर तो बहुधा काचेचा असतो. जुन्या सिरीज मॉडेलांत खिडकीचा वरचा भाग स्वतंत्र असून बोल्टने जोडलेला असतो; ते बोल्ट आवळावेत. सरकत्या काचांच्या खाचेतील फेल्ट झिजले असल्यास बदलावे. इंजिन सुरू ठेवून काच हाताने दाबताच आवाज थांबला, तर निदान पक्के.

पत्र्याच्या आतून आवाजरोधक पट्ट्या चिकटवण्याची पद्धतही रूढ आहे. त्या शेवटी लावाव्यात आणि दरवाजाच्या तळाची पाणी निघून जाण्याची छिद्रे बुजणार नाहीत हे पाहावे. ती बुजली की पाणी आतच साचते आणि गंजाला पुन्हा वाट मिळते. मूळ धाटणीच्या डिफेंडरचे उत्पादन २९ जानेवारी २०१६ रोजी सोलिहल येथे थांबले असल्याने, शाबूत जुना दरवाजा सहजासहजी टाकून देऊ नये.