‘बॉयकॉट’ : कर्ता कोण, कर्म कोण?

‘बॉयकॉट’ हे इंग्रजी क्रियापद एका आडनावापासून झाले आहे. चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांवर अडून बसला. कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याला महारोग्यासारखे दूर ठेवा, असे पार्नेल या पुढाऱ्याने नुकतेच एनिसच्या सभेत सांगितले होते. लोकांनी ते शस्त्र या कारभाऱ्यावर चालविले. मजूर शेत सोडून गेले. लोहार, धोबीण, दुकानदार कोणी त्याच्याकडे फिरकेना. सुमारे ५०० पौंडांचे पीक काढायला बाहेरून ५० माणसे आणि त्यांच्या रक्षणाला फौज आणावी लागली. खर्च १०,००० पौंडांच्या घरात गेला.

‘ऑस्ट्रसाइझ’ हा ग्रीक वळणाचा शब्द शेतकऱ्यांना कळणार नाही, म्हणून फादर ओ’मॅली यांनी रेडपाथ या पत्रकाराला हे आडनावच क्रियापद म्हणून सुचविले. पुढे ते फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांतही गेले.

मराठीत आपण त्याला ‘बहिष्कार’ म्हणतो. ‘बहिस्’ म्हणजे बाहेर, ‘कृ’ म्हणजे करणे. हा प्रतिशब्द मी विद्यार्थ्यांना मुकाट्याने देत नाही. आयर्लंडात राबणाऱ्यांनी सत्तेला आपले श्रम नाकारले. आपल्या गावगाड्यात मात्र जमीनवाले राबणाऱ्यांना काम, दाणा आणि वाट नाकारतात. पहिल्यात कारभाऱ्याचे पीक अडते. दुसऱ्यात मजुराची चूल विझते. तरी दोहोंना शब्द एकच! शिवाय पार्नेलची उपमा पाहा. वरच्याला धडा शिकवायलाही त्याला समाजाने आधीच बाहेर टाकलेला महारोगीच आठवला.

बाबासाहेबांना या शब्दाची धार ठाऊक होती. १९२७ साली त्यांनी पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ ठेवले. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी रूप आहे; ते उच्चारताच ‘कोणी केले?’ हा प्रश्न उभा राहतो. गोलमेज परिषदेपुढील निवेदनात बहिष्कार हा दंडनीय गुन्हा ठरवावा, अशी त्यांनी मागणी केली. त्यासाठी १९२२ च्या ब्रह्मदेशातील बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ चा.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : या क्रियापदाचा अर्थ शब्दकोशात अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा कर्ता आणि कर्म कोण, हे विचारल्यावर कळतो. शिक्षकांनी व्याकरणाच्या तासालाच तो विचारावा.