ट्रेनिंग टपरीवरचं!

एचआरचा मेल येतो. मॉड्यूल शुक्रवारपर्यंत पूर्ण करा, कंपल्सरी आहे. मग काय, एका खिडकीत एक्सेल, दुसरीत मॉड्यूल, आवाज म्यूट आणि बोट 'नेक्स्ट'वर. शेवटी क्विझ. नापास झालात तरी हरकत नाही, लगेच पुन्हा देता येते. सर्टिफिकेट डाउनलोड केलं की विषय संपला. सोमवारी त्यातलं काय आठवतंय, हे कुणी विचारत नाही आणि तेच बरं असतं!

आता जरा आठवा, एक्सेलमधलं 'व्ही-लुकअप' तुम्ही कुठे शिकलात? शेजारच्या डेस्कवरच्या कुणीतरी दोन मिनिटांत दाखवलं असणार. कुठल्या क्लायंटला थेट फोन करायचा आणि कुणाला मेलच बरा, हे तर कुठल्याच स्लाइडवर नसतं. ते चहाच्या टपरीवर कळतं.

ही गंमत ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने फार आधी टिपली. १९८०च्या दशकात तो अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या टेक्निशियन्सबरोबर हिंडला. ही मंडळी गावभरच्या ऑफिसांतली कॉपी मशीन्स दुरुस्त करायची. कंपनीने हातात मॅन्युअल दिलेलं होतं. अमुक एरर कोड आला की तमुक पार्ट तपासा, छाप. पण मशीन काही मॅन्युअल वाचून बिघडत नाही! कोड एक आणि दुखणं भलतंच, असं झालं की हे लोक एकमेकांना जुन्या केसेसचे किस्से सांगत आणि त्यातून उत्तर सापडे. खाता-पिताना जमले तरी गप्पा मशीनच्याच. वरून बघणाऱ्याला टाइमपास, पण खरा क्लास तोच होता. १९९६ साली ऑरचं यावरचं पुस्तक आलं.

झेरॉक्सच्याच संशोधकांनी पुढे, १९९०च्या दशकात, हे किस्से कॉम्प्युटरवर आणले. सिस्टिमचं नाव 'युरेका'. टेक्निशियनने आपली युक्ती लिहायची, जाणकार सहकाऱ्यांनी तपासायची, मग ती सगळ्यांसाठी खुली. बक्षिसाचे पैसे नाहीत, फक्त युक्तीबरोबर सांगणाऱ्याचं नाव. तेवढ्यावर लोक भराभर लिहू लागले.

आपल्याकडे त्यासाठी सिस्टिमही नको. टीमचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतोच, फक्त कामाची युक्ती 'हॅपी बर्थडे'च्या ढिगाखाली गडप होते. ती उचलून एका शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये टाका, सांगणाऱ्याच्या नावासकट. घरून काम करणाऱ्या नव्या पोरापोरींना तर याची फार गरज आहे, कारण त्यांच्या वाट्याला टपरी आलेलीच नाही.

मग ऑनलाइन कोर्स करूच नयेत का? जरूर करा. सरकारच्या 'स्वयम्'वर २०१७पासून अभ्यास फुकट आहे. सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी भरायची. पण अर्धवट सुटला तर स्वतःला आळशी म्हणू नका. २०११ साली स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स ऑनलाइन खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवलं. पूर्ण केला साधारण २३ हजारांनी.

अडतं ते वेळेपाशी. शिकायचं ऑफिससाठी आणि वेळ जायचा घरचा, रात्री जेवणं आटोपल्यावर, डोळे मिटत असताना. हा हिशोब बॉससमोर मांडायला हवा. पुढच्या अप्रेझलला पगारवाढीबरोबर आठवड्याचा एक तासही मागून बघा, ऑफिसच्या वेळेतला आणि कॅलेंडरवर मीटिंगसारखा ब्लॉक केलेला.