कालव्यातली चित्रशाळा

लॉस एंजलिसच्या उत्तरेला सॅन फर्नांडो खोऱ्यात कोल्डवॉटर कॅनियन अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. त्याला लागून झाडं, पायवाट आणि एक कुंपण. कुंपणाशी उभं राहून खाली पाहिलं तर काँक्रीटचा खोल, सरळसोट कालवा दिसतो. वर्षातले बरेच महिने त्यात पाण्याची बारीकशी धार असते. हा टुजुंगा वॉश. पूर्वी ही डोंगरातून उतरून लॉस एंजलिस नदीला मिळणारी, पात्र बदलत वाहणारी नदी होती. १९३८ च्या महापुरात या भागात शंभराहून अधिक माणसं दगावली. त्यानंतर लष्कराच्या अभियंता विभागाने इथल्या नद्या सरळ करून काँक्रीटमध्ये बांधून टाकल्या. पूर थांबले, पण नदीही गेली.

या कालव्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर २,७५४ फूट लांबीचं, साधारण १३ फूट उंचीचं एकच अखंड चित्र आहे. ‘कॅलिफोर्नियाचा इतिहास’ हे त्याचं नाव. लोक त्याला ‘लॉस एंजलिसची महाभिंत’ म्हणतात. जगातल्या अतिशय लांब भित्तिचित्रांत त्याची गणना होते. माझ्या लेखी मात्र त्याचं मोठेपण लांबीत नाही. हे चित्र चारशेहून अधिक किशोरवयीन मुलामुलींनी रंगवलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी त्याआधी भिंतीवर कधी ब्रश धरलेला नव्हता.

१९७४ मध्ये अभियंता विभागाने कालव्याच्या सुशोभीकरणासाठी ज्युडिथ बाका या चित्रकर्तीला विचारलं. बाका याच खोऱ्यातल्या पकोइमा वस्तीत वाढलेल्या, मेक्सिकन वंशाच्या. काँक्रीटचा कालवा हा त्यांना जमिनीवरचा व्रण वाटे, आणि त्या व्रणावर आपण गोंदण करतो आहोत असं त्या सांगत आल्या आहेत. सुशोभीकरण म्हणून मागितलेल्या कामाला त्यांनी इतिहासाचं वळण दिलं. शाळेच्या पुस्तकात ज्यांना जागा मिळाली नाही, त्या माणसांचा इतिहास या भिंतीवर यावा, असं त्यांनी ठरवलं.

त्यांच्या गाठीशी एक अनुभव होता. १९७० च्या उन्हाळ्यात बॉइल हाइट्स या वस्तीत त्या उद्यानांमध्ये मुलांना चित्रकला शिकवत होत्या. एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकलं तरी मारामारी व्हावी अशा चार टोळ्यांमधली पोरं त्यांनी एकत्र आणली आणि हॉलेनबेक उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर हात पसरून उभ्या असलेल्या आजीचं चित्र रंगवून घेतलं. वैर असलेल्या मुलांना एका भिंतीसमोर उभं करता येतं, याची खात्री त्यांना तिथे पटली.

१९७६ मध्ये बाका, क्रिस्टिना श्लेसिंजर आणि डॉना डाइच या तिघींनी ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन केली आणि त्याच उन्हाळ्यात कालव्यात काम सुरू झालं. पहिल्या वर्षी ऐंशी मुलं होती. त्यातली बरीच बालन्याय यंत्रणेमार्फत आलेली. त्यांना कामाचा मोबदला मिळत असे, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुलांच्या कामाला काम म्हणून मान दिला की मुलंही ते तसंच करतात. गट पाडताना वंश आणि वस्त्या मुद्दाम मिसळल्या जात. काळी, गोरी, मेक्सिकन, आशियाई मुलं एकाच परांचीवर.

इथल्या शिक्षणाचा गाभा कामाच्या क्रमात आहे. आधी रंग नव्हे, आधी गोष्ट. इतिहासकार येऊन मुलांशी बोलत. ज्यांनी तो काळ प्रत्यक्ष भोगला अशी वस्तीतली वडीलधारी माणसं येऊन आपली हकिकत सांगत. त्यावर चर्चा होई, वाद होत, आणि मग कच्ची रेखाटनं. पक्क्या रेखाटनावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या मापात भिंतीवर सूत मारून उमटवायच्या आणि एकेका घरातली रेषा तिथे नेऊन सोडायची. ज्याला चित्र काढता येत नाही त्यालाही घर मोजता येतं. चौकटीच्या या जुन्या युक्तीमुळे नवशिक्या मुलाचा हात मोठ्या कामाला लागतो. त्याआधी भिंतीची तयारी वेगळीच असे. वाळूचा मारा करून ती साफ करायची, पाणी मुरू नये म्हणून लेप द्यायचा, पांढरं अस्तर चढवायचं आणि मग ॲक्रिलिक रंग. कालव्यात पाणी येतं हिवाळी पावसात, म्हणून सगळं काम उन्हाळ्यात, काँक्रीटच्या तापलेल्या भिंतींमध्ये.

१९७६, १९७८, १९८०, १९८१ आणि १९८३ अशा पाच उन्हाळ्यांत हे काम झालं. पहिल्याच वर्षी हजार फूट भिंत भरली, पण तिचे तुकडे वेगवेगळ्या चित्रकारांच्या गटांनी आपापल्या शैलीत केले होते. पुढच्या वर्षी बाका मेक्सिकोतल्या कुएर्नावाका इथे, मेक्सिकन भित्तिचित्रकार दाविद आल्फारो सिकेइरोस यांच्या कार्यशाळेत भित्तिचित्राचं तंत्र शिकायला गेल्या. त्याच सिकेइरोस यांनी १९३२ मध्ये लॉस एंजलिसमध्ये काढलेलं ‘अमेरिका ट्रॉपिकल’ हे चित्र सत्ताधाऱ्यांना बोचलं म्हणून पांढऱ्या रंगाखाली गाडलं गेलं होतं. ते पुन्हा लोकांसमोर यायला २०१२ उजाडलं. बाका परतल्यानंतरचे भाग पाहिले की फरक कळतो. एक प्रसंग दुसऱ्यात वाहत जातो, आणि सुटी सुटी चित्रं जाऊन सलग प्रवाह सुरू होतो.

भिंतीची सुरुवात प्रागैतिहासिक प्राण्यांपासून होते. मग इथले मूळ रहिवासी चुमाश, स्पॅनिश लोकांचं आगमन, सोन्यासाठी उसळलेली गर्दी, रेल्वेमार्गावर राबलेले चिनी मजूर. १९३० च्या मंदीत मेक्सिकोला धाडून दिलेली कुटुंबं आहेत, दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेले जपानी वंशाचे अमेरिकन नागरिक आहेत. मला सर्वांत बोलका वाटतो तो चावेझ रविनचा प्रसंग. मेक्सिकन कुटुंबांची ही वस्ती हटवली गेली आणि पुढे त्या जागेवर डॉजर्स संघाचं बेसबॉल मैदान झालं. चित्रात ते मैदान आकाशातून उतरणाऱ्या उडत्या तबकडीसारखं येतं, आणि महामार्गांचे विळखे एकाच घरातल्या माणसांना एकमेकांपासून तोडतात. धरणासाठी, रस्त्यासाठी गाव सोडावं लागलेल्या माणसाला हे चित्र कुणी समजावून सांगायची गरज नाही.

ऊन, धूर आणि पुराचं पाणी यांनी रंग उडाले होते. २०११ मध्ये मोठी डागडुजी पूर्ण झाली. २०१७ मध्ये भिंतीची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. चित्र १९५० च्या दशकापाशी थांबलं होतं, ते पुढे नेण्यासाठी मेलन फाउंडेशनने २०२१ मध्ये ५० लाख डॉलर दिले. नव्या भागांचं काम २०२३-२४ मध्ये लॉस एंजलिसच्या कला संग्रहालयात प्रेक्षकांसमोर चाललं होतं. लांबी एक मैलापर्यंत नेण्याचा संकल्प आहे.

आपल्याकडेही शहरोशहरी भिंती रंगतात. स्वच्छता मोहिमेत उड्डाणपुलांचे खांब, शाळांची कुंपणं चार दिवसांत चित्रांनी भरून जातात. त्यात वस्तीतल्या मुलांचा हात क्वचितच असतो. चित्रकलेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी शाळेची भिंत मिळाली तर रंगाचे डबे आणण्याआधी गावातल्या चार जुन्या माणसांना वर्गात बोलवावं आणि मुलांना त्यांना प्रश्न विचारू द्यावेत.

कॅलिफोर्नियात मुलांकडे जाणारे मराठी आईवडील हॉलिवूड आणि डिस्नेलँड पाहून येतात. त्यांनी एक सकाळ या कालव्यासाठी ठेवावी. लॉस एंजलिस व्हॅली कॉलेजच्या शेजारी, बर्बँक बुलेवार्ड आणि ऑक्सनार्ड स्ट्रीट यांच्या मधल्या पायवाटेवरून भिंत समोर दिसते. ती पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळच्या उन्हात रंग स्वच्छ दिसतात. अंतर अर्ध्या मैलाचं आहे, पण प्रसंग वाचत जायचं तर दोन तास हाताशी असू द्यावेत. तिकीट नाही.