सव्हॅना नदीकाठचे कोठार

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात सव्हॅना नदीच्या काठी एलंटन नावाचे एक लहानसे गाव होते. 1950 सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस, सोव्हिएत रशियाने आपला पहिला अणुबाँब उडवून जेमतेम सव्वा वर्ष लोटले असताना आणि कोरियात युद्धाचा वणवा पेटलेला असताना, तेथील अणुऊर्जा आयोगाने हे गाव, त्याच्या शेजारची डनबार्टनसारखी वस्ती आणि भोवतालचा सुमारे 800 चौरस किलोमीटरांचा मुलूख सरकारजमा करण्याचा निर्णय जाहीर केला. सुमारे 6,000 माणसे उठली. कित्येकांची घरे उचलून, गाड्यांवर चढवून, हद्दीबाहेर वसवलेल्या न्यू एलंटन या नव्या गावी नेण्यात आली. आणि जिवंत माणसांच्या मागोमाग तितक्याच मृतांचीही, म्हणजे सुमारे 6,000 कबरींची, जागा बदलावी लागली. बाँबला लागणारे पदार्थ येथे सिद्ध व्हायचे होते, आणि राष्ट्रसंरक्षणाच्या त्या तातडीपुढे रहिवाशांच्या इच्छेला फारसा वाव उरला नाही.

ड्यूपाँ या रसायन उद्योगातील मातब्बर कंपनीने केवळ एक डॉलर मेहनताना ठरवून या कारखान्याचा ठेका घेतला. नदीच्या पाण्यातून जड पाणी वेगळे काढणारा प्रकल्प, त्या जड पाण्यावर चालणाऱ्या पाच अणुभट्ट्या आणि भट्टीतून निघालेले इंधन आम्लात विरघळवून त्यातील प्लुटोनियम निवडून काढणाऱ्या, जाड काँक्रीटच्या दोन लांबलचक इमारती असा तो पसारा होता. शीतयुद्ध ओसरेपर्यंत तेथे सुमारे 36 टन प्लुटोनियम तयार झाले. 1956 साली यांतल्याच एका भट्टीजवळ फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कॉवन या शास्त्रज्ञांनी न्यूट्रिनो या कणाच्या अस्तित्वाचा पुरावा मिळवला, हेही कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे; संहाराच्या सामग्रीसाठी पेटवलेल्या भट्टीने ज्ञानातही अशी भर घातली. त्याच सुमारास अमेरिकेने शांततामय उपयोगाच्या बोलीवर आपल्या तुर्भ्याच्या सायरस भट्टीसाठी 21 टन जड पाणी पुरवले आणि 1974 साली पोखरणला जो स्फोट झाला त्याचे प्लुटोनियम त्याच भट्टीतून आले, हे मराठी वाचकाला आठवल्यावाचून राहणार नाही.

1988 सालापर्यंत पाचही भट्ट्यांचे उत्पादन थांबले. मग हा कारखाना आज करतो तरी काय, असा प्रश्न सहजच पडतो. आणि त्याचे पहिले उत्तर ट्रिटियम या वायूच्या स्वभावात दडलेले आहे. ट्रिटियम हा हायड्रोजनचाच किरणोत्सारी भाऊबंद. बाँबच्या गाभ्यात तो अल्प प्रमाणात असला की स्फोटाचे बळ कितीतरी वाढते. परंतु त्याचे अर्धायुष्य अवघे 12.3 वर्षांचे, म्हणजे कुपीत भरून ठेवलेला वायू दर वर्षी सुमारे साडेपाच टक्क्यांनी आपोआप घटत जातो आणि त्याच्या जागी हेलियम साचते. म्हणून शस्त्रसाठ्यातील या कुप्या ठरलेल्या मुदतीनंतर सव्हॅनाकाठी परत येतात, हेलियम बाजूला काढले जाते, उरलेला ट्रिटियम शुद्ध होतो आणि कुप्या पुन्हा भरून रवाना होतात. पडलेली तूट भरून काढण्यासाठी टेनेसी राज्यातील वॉट्स बार या वीजनिर्मितीच्या भट्टीत लिथियमयुक्त कांड्या भाजून येथे आणल्या जातात. एकही नवा बाँब न घडवता जुने बाँब आहेत तसे राखायचे म्हटले तरी हा वायू राज्यसत्तेला स्वस्थ बसू देत नाही. शस्त्रे एकदा करून कुलपात ठेवली की संपले, अशी जी आपली भाबडी समजूत असते ती येथे पार ढासळते.

दुसरे काम केलेले निस्तरण्याचे, आणि माझ्या मते या कारखान्याचे खरे मोठेपण त्यातच आहे. प्लुटोनियम निवडल्यानंतर उरलेला अतितीव्र किरणोत्सारी द्रव जमिनीखालच्या 51 प्रचंड टाक्यांत वर्षानुवर्षे साठत गेला. तो कोट्यवधी लिटर भरला. 1996 सालापासून त्यातील सर्वांत जहाल भाग काचेच्या भुकटीत मिसळून, सुमारे 1,150 अंश सेल्सिअसला वितळवून, दहा फूट उंच आणि दोन फूट रुंद अशा पोलादी नळकांड्यांत ओतण्यात येतो, आणि थंड झाल्यावर तो विषारी द्रव काचेत कायमचा जखडला जातो. अशी 4,000 हून अधिक नळकांडी भरून झाली आहेत. मात्र त्यांना कायमची मूठमाती द्यावी असे भूगर्भातील स्थान त्या देशाला अजून सिद्ध करता आलेले नसल्यामुळे ती तेथल्याच वखारींत उभी आहेत. याच आवारात बाँबसाठी समृद्ध केलेले युरेनियम सौम्य करून वीजभट्ट्यांसाठी धाडले गेले आणि त्यावर घराघरांत दिवे लागले. हे काम करणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्यांच्या हातून नवे काही उभे राहत नाही, तरी आधीच्या पिढीचे देणे ते निमूटपणे फेडत आहेत.

प्लुटोनियमची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. प्लुटोनियमचे अर्धायुष्य 24,000 वर्षांहून अधिक. ते वाट पाहून संपत नाही. 2000 साली अमेरिका आणि रशिया यांनी प्रत्येकी 34 टन प्लुटोनियम शस्त्रांच्या उपयोगातून कायमचे बाद करण्याचा करार केला. आपल्या वाट्याचे प्लुटोनियम वीजभट्टीच्या इंधनात रूपांतरित करण्यासाठी अमेरिकेने सव्हॅनाकाठी 2007 साली एका विशाल इमारतीचे बांधकाम सुरू केले. खर्च अब्जावधी डॉलरांवर गेला, काम लांबत गेले, 2016 साली रशियाने करार स्थगित केला आणि 2018 साली ही योजना गुंडाळण्यात आली. तोवर देशाच्या इतर भागांतून आलेले प्लुटोनियम थंडावलेल्या के भट्टीच्या इमारतीत, जिचे आता कोठार झाले आहे, येऊन पडले होते. ठरल्या मुदतीत ते हलवले नाही म्हणून दक्षिण कॅरोलिनाने केंद्र सरकारला न्यायालयात खेचले. 2020 साली 60 कोटी डॉलर मोजून तडजोड झाली आणि राज्यातील 9.5 टन प्लुटोनियम बाहेर नेण्यास 2037 पर्यंतची मुदत मिळाली.

आणि त्या अर्धवट इमारतीचे काय होणार? कॉलोराडोतील रॉकी फ्लॅट्सचा कारखाना 1989 साली थांबल्यापासून बाँबचे प्लुटोनियमचे गाभे मोठ्या प्रमाणावर घडवण्याची सोय अमेरिकेत उरलेली नाही. आता वर्षाला किमान 80 गाभे हवेत, असे तेथील कायदा सांगतो. त्यांतले 30 न्यू मेक्सिकोतील लॉस अलामोस येथे आणि 50 सव्हॅनाकाठी व्हावेत अशी योजना आहे. शस्त्रांतले प्लुटोनियम मोडून त्याचे इंधन करण्यासाठी जी इमारत उभारली जात होती, तीच आता नव्या शस्त्रांचे गाभे घडवण्यासाठी बदलून घेतली जात आहे. तिच्यापासून काही मैलांवर, पाइनच्या झाडीत, एलंटनच्या रस्त्यांच्या कडा अजून दिसतात.