डोंगर विकण्याआधी डिचोली पाहून या



सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे देवस्थान, एखादे धरण नाही तर कृषी प्रदर्शन उभे राहते. आज मी तुम्हाला जरा निराळ्या ठिकाणी नेणार आहे. गोव्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या डोंगरांत डिचोली नावाचे जुने गाव आहे. पोर्तुगीज अमदानीत त्याच्या आसपासच्या डोंगरांत लोखंडाच्या खाणी निघाल्या आणि शंभर वर्षांत तो मुलूख पार पालटून गेला. दोडामार्ग, सावंतवाडीकडून सकाळी निघाले तर दिवसभरात पाहून दिवेलागणीला घरी परतता येते. खर्च फारसा नाही. मात्र जाताना शेतकऱ्याची नजर बरोबर न्यावी लागते.

जाण्याचे निमित्त

माझे बिऱ्हाड ठाण्याला, वागळे इस्टेटमध्ये. नोकरी शेतीखात्यातली, पण खिडकीतून दिसतात त्या कारखान्यांच्या आणि कचेऱ्यांच्या इमारती. धाकटी बहीण दोडामार्ग तालुक्यात दिली आहे. गेल्या जानेवारीत तिचा फोन आला. "दादा, दोन दिवस येऊन जा. घरात वाद चालला आहे."

वाद होता डोंगराचा. भावोजींची खाली दोन-अडीच एकर भातशेती, थोडी सुपारी-नारळाची बाग आणि वर सात-आठ एकर डोंगरउतार. उतारावर काही काजूची झाडे, बाकी रान. एक दलाल घरी येऊन सांगून गेला होता की, या डोंगराच्या पोटात लोखंड आहे, आज ना उद्या खाण येईल, आताच जमीन दिलीत तर चांगला भाव देतो. भाच्याला ते पटले होते.

"मामा, डोंगरावर पिकते काय? वर्षाला थोडी काजूबी. पैसे आले तर घर होईल, एखादा टेम्पो घेता येईल," तो म्हणाला.

भावोजींचे मन घेत नव्हते, पण मुलाला उत्तर काय द्यावे ते सुचत नव्हते. मी म्हटले, "भावोजी, डिचोली इथून फार लांब नाही. तिथे हा प्रयोग आपल्या आजोबांच्या काळापासून झालेला आहे. पाहून येऊ."

"होय तर," भावोजी म्हणाले, "आधी बघूया, मगे ठरवूया."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे डब्यात घावन आणि चटणी घेऊन बसमध्ये बसलो.

गाव आणि त्याची खाण

डिचोलीचा हा भाग पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो पोर्तुगिजांनी घेतला. असे उशिरा मिळालेले महाल 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखले जातात. याच तालुक्यात नार्वे येथे श्री सप्तकोटेश्वराचे मंदिर आहे. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचा जीर्णोद्धार केला. सवड असेल तर दर्शन अवश्य घ्यावे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या डोंगरांतील खनिजाकडे परदेशी कंपन्यांचे लक्ष गेले. १९०६ मध्ये पोर्तुगीज सरकारने खाणींचा कायदा केला आणि खाणींचे परवाने देण्यास सुरुवात झाली. हे परवाने मुदतीचे नव्हते, कायमचे होते. खरा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानच्या पोलाद कारखान्यांना लोखंडाची गरज होती आणि गोव्यात नद्या थेट बंदरापर्यंत जातात. सुरुवातीला कुदळीने खणत, घमेल्यांत आणि टोपल्यांत भरून बायका-पुरुष डोक्यावरून माल वाहत. मग यंत्रे आली, ट्रक आले. खाणीतून ट्रकने नदीकाठी, तेथून 'बार्ज' म्हणतात त्या सपाट बुडाच्या मोठ्या लोखंडी होड्यांतून मांडवीमार्गे मुरगाव बंदरात, आणि पुढे जहाजाने परदेशी असा मालाचा प्रवास ठरून गेला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तरी जुने परवाने तसेच चालू राहिले. १९८७ च्या कायद्याने ते रद्द करून त्यांचे मुदतीच्या पट्ट्यांत रूपांतर केले. पुढे चीनची मागणी वाढली. २०१०-११ च्या सुमारास गोव्यातून वर्षाला ५ कोटी टनांच्या घरात खनिज बाहेर जात होते.

वरून काय दिसते

आम्ही रिक्षा ठरवून आसपासच्या गावांतून फिरलो. एका चढावर रिक्षावाल्याने गाडी थांबवली. समोर डोंगर असायला हवा होता. त्या जागी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला तांबडा खड्डा होता आणि तळाशी हिरवट पाणी. येथील काही खड्डे समुद्रसपाटीच्याही खाली गेलेले आहेत. शेजारी दुसरा डोंगर दिसत होता, पण तो देवाने घडवलेला नव्हे. तो टाकाऊ मातीचा ढीग. त्याला इकडे 'डंप' म्हणतात. एक टन खनिज काढायचे तर साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावे लागतात. एवढी माती जाणार कोठे? तिचेच हे नवे डोंगर. त्यांच्यावर ऑस्ट्रेलियन बाभूळ, काजू वगैरे लावून माती धरण्याचा प्रयत्न झालेला आहे. काही ठिकाणी तो साधला आहे, काही ठिकाणी घळी पडलेल्या दिसतात.

भाचा बराच वेळ खड्ड्याकडे पाहत होता. मी त्याला विचारले, "डोंगरावर पिकते काय, असे तू म्हणत होतास. आता सांग, तुमच्या बागेला वैशाखात पाणी कोठून येते?"

"वरच्या झऱ्यातून."

"आणि झरा कोठून येतो?"

बंधूंनो, हे नीट समजून घ्या. आपल्या कोकणच्या डोंगरमाथ्यावर जांभा दगड असतो. तो भोकाभोकांचा, स्पंजासारखा. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातले बरेचसे पाणी हा जांभा पिऊन घेतो आणि पुढे आठ महिने थोडे थोडे खाली सोडतो. त्यावर आपला झरा, विहीर, पाट, वायंगणी भात आणि कुळागर चालते. डोंगर ही आपली पाण्याची टाकी आहे. लोखंडाचे खनिज नेमके या जांभ्याच्या खाली असते. ते काढायचे तर टाकीचे झाकणच उचलावे लागते. खड्डा भूजलाच्या खाली गेला की चारी बाजूंचे पाणी त्यात झिरपते, ते पंपाने उपसून टाकतात आणि आजूबाजूच्या विहिरी तळ गाठतात. सातबाऱ्यावर डोंगर पोटखराबा म्हणून लागला असेल, पण तो खालच्या शेताचा पोशिंदा असतो.

खालून काय दिसते

डोंगराखालच्या शेतात उतरलो. एका गावात वायंगणी भाताची लावणी झालेली होती, पण मध्येमध्ये खाचरे पडीक. एक वयस्कर शेतकरी बांधावर भेटले. त्यांनी मूठभर माती माझ्या हातावर ठेवली. पिठासारखी बारीक, तांबडी, वाळली की विटेसारखी घट्ट होणारी. पावसात डंपावरून ही माती ओहोळात येते, ओहोळ भरला की शेतात पसरते. तिच्यात सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नसते, स्फुरद दिला तर लोहाशी बांधला जाऊन पिकाला मिळत नाही, आणि पाणी तुंबलेल्या खाचरात लोह जास्त झाले की भाताची पाने तपकिरी पडतात.

"भरपाई मिळत नव्हती का?" भावोजींनी विचारले.

"मिळायची," ते म्हणाले. "म्हणूनच तर शेत सुटले. न पेरता पैसे मिळतात म्हटल्यावर बांध कोण घालणार? पाट कोण उपसणार? मुलाने कर्ज काढून ट्रक घेतला. चार वर्षे बरी गेली. मग एके दिवशी सगळे बंद."

ते बंद कसे झाले, तेही सांगतो. बेकायदा खाणकामाची चौकशी झाल्यावर सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चपासून पुन्हा सामसूम झाली. दारोदार ट्रक गंजत उभे राहिले. डिसेंबर २०२२ पासून नव्याने लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत खाणकाम पुन्हा सुरू झाले. खाणीने येथे पैसा आणला, पक्की घरे आणली, कित्येकांची मुले शिकली, हे खोटे नाही. पण तो पैसा कधी येणार, कधी थांबणार, हे शेतकऱ्याच्या हातात कधीच नव्हते. आणि थांबला तेव्हा परत जायला शेत उरले नव्हते.

दुपारी मयेच्या तळ्याकाठी डबा खाल्ला. पुढे साखळीजवळचा हरवळ्याचा धबधबा आणि खडकात कोरलेली जुनी लेणी पाहिली. बहिणीने रुद्रेश्वराचे दर्शन घेतले. जागा फार रम्य आहे, मुलांना दाखवण्यासारखी. भाचा मात्र गप्प होता. परतीच्या बसमध्ये एवढेच म्हणाला, "मामा, कळण्याचे मी विसरलोच होतो." कळणे त्यांच्याच तालुक्यातले गाव. जुलै २०२१ मध्ये तेथील खाणीचा बांध फुटून चिखल-पाणी वस्तीत आणि शेती-बागायतीत घुसले होते.

आपण काय करावे

ज्यांच्या गावाकडे खाणीचे वारे वाहू लागले आहे, त्यांनी पुढील गोष्टी आजच कराव्यात.

१) विहिरीच्या पाण्याची पातळी दोर सोडून दर महिन्याला मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. आधीची नोंद नसेल तर नंतर विहीर आटल्याचे सिद्ध करता येत नाही.

२) खाचरांतील मातीची तपासणी करून घ्या आणि अहवाल जपून ठेवा.

३) गावातील झरे, ओहोळ, पाट यांचा साधा नकाशा करून ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. जनसुनावणी लागली तर बायकांसह सर्वांनी जावे आणि म्हणणे लेखी द्यावे.

४) दलालाच्या कोणत्याही कागदावर न वाचता सही करू नका. कोकणात जमिनी बहुधा सामाईक असतात. मुंबई-ठाण्याच्या सहहिस्सेदारांना आधी कळवा.

५) जेथे खाण आधीपासून आहे, तेथे २०१५ च्या कायद्यानुसार जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी असतो. पिण्याचे पाणी, पाणलोट आणि सिंचनाची कामे त्यातून होऊ शकतात. ग्रामसभेत ठराव करून मागणी करा.

६) शेतात खाणीची माती आली असेल तर जाड थर पावसाआधी खरवडून काढा. मग भरपूर शेणखत घाला, ताग किंवा धैंचा गाडा आणि चुना माती तपासूनच द्या. पाण्याचा निचरा मोकळा ठेवा.

मी राहतो ते वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत. महामंडळ स्थापन झाले १९६२ मध्ये. पुढे तेथले अनेक कारखाने बंद पडले, त्या जागी कचेऱ्या आल्या, नवी माणसे कामाला लागली. जमिनीवरची इमारत पाडून दुसरी बांधता येते. खणून नेलेला डोंगर मात्र कोणी परत आणून ठेवू शकत नाही. खनिज हे एकदाच येणारे पीक आहे. भात दरवर्षी येते.

डोंगर द्यायचा की नाही, हे मी बहिणीच्या घरी सांगितले नाही. तो त्यांचा हक्क. पंधरा दिवसांनी भाच्याचा फोन आला. "मामा, विहिरीचे पाणी मोजले. अठरा हात दोर गेला. वहीत लिहिले. दलाल परत आला होता. बाबांनी त्याला सांगितले, आधी वर्षभराची वही भरू दे."